पानावर न दिसणारी ओळ

“अजून नाही आलं गं. गूगलवर बँडचं नाव टाकलं, एंटर मारलं, काहीच नाही,” भीमराव फोनवर म्हणाले.

“वेळ लागतो हो, बाबा,” निकिता म्हणाली.

वेळ कसला लागतोय, डोंबल! बाबांच्या बँडची वेबसाइट तिनेच बनवली होती. लाल कोट, डोक्याला तुरा, हातात क्लॅरिनेट, हा फोटोही तिनेच चढवला. आणि मग गुपचूप पानाच्या कोडमध्ये, वरच्या भागात एक मेटा टॅग घातला. सगळा इंग्रजी स्मॉल अक्षरांत, नेमपुढे रोबॉट्स, कंटेंटपुढे नोइंडेक्स. ही ओळ पानावर दिसत नाही. गूगलला तेवढं कळतं, की हे पान शोधणाऱ्यांना दाखवायचं नाही.

कारण होतं अनिरुद्ध. तिच्याच कंपनीतला, नारायण पेठेतला. लग्नाची बोलणी करायला त्याची आई कात्रजला घरी आली आणि तिने विचारलं, “आपण काय करता?” बाबांनी तोंड उघडायच्या आत निकिताने ठोकून दिलं, “संगीत शिकवतात.”

लोकांच्या वरातीत वाजवून ज्या माणसाने तिला इंजिनिअर केलं, तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, “हो, शिकवतो.”

त्या दिवसापासून बाबांच्या डोळ्याला डोळा द्यायची तिला लाज वाटायची. पण टॅग काही तिने काढला नाही.

बाबांचं आपलं सायबर कॅफेत जाणं चालूच. कार्यक्रमांच्या तारखा स्वतः टाकायच्या म्हणून त्यांनी तिच्याकडून पासवर्ड घेतला, जुजबी एचटीएमएल शिकून घेतलं. लिहायचे मात्र सगळं कॅपिटलमध्ये. कॅप्स लॉक काढा म्हटलं की म्हणायचे, “मोठ्याने वाजवायची सवय आहे गं आपल्याला.”

एकदा त्यांनी विचारलं, “ते मेटा म्हणजे काय असतं?”

“असतं हो प्रत्येक पानात. त्याला हात नका लावू.”

“बरं,” म्हणाले.

त्या ‘बरं’ने तिला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या तिने फाइल उघडली आणि ती ओळ पुसून टाकली. अनिरुद्धच्या घरी कळलं तर कळू दे. मोडलं तर मोडू दे! लगेच बाबांना फोन लावला.

“आता येईल बघा, बाबा. नक्की येईल.”

ते म्हणाले, “घाई काय आहे एवढी? आधी तुझं लग्न नीट पार पडू दे.”

महिना उलटला. निकिताने बँडचं नाव टाकून शोधलं. काहीच आलं नाही. पुन्हा शोधलं, तरी नाही. आपलंच काहीतरी चुकलं असणार म्हणून तिने पान उघडलं, उजवं बटण दाबून त्याचा सोर्स पाहिला.

पुसलेली ओळ होती तिथेच होती. मेटा, नेम रोबॉट्स, कंटेंट नोइंडेक्स. सगळी कॅपिटलमध्ये.