रानाचा श्वास

"मातीचा श्वास चाळीसच्या खाली, म्हणजे माती मेलेली असेल, तरच एनए, बिगरशेती परवानगी," सरपंच वत्सलाबाईंनी ग्रामसभेने केलेला नियम वाचून दाखवला. बांधावर सारं गाव जमलं होतं. बिल्डर कोठावळे मजेत होते. विकत घेतलेल्या या रानाची वरची माती खरवडून त्यांनी ते मुद्दाम सहा वर्षं पडीक ठेवलं होतं.

तलाठ्यांनी श्वासमापकाची सळई जमिनीत खुपसली. आकडा चढत चढत एकाहत्तरवर थांबला.

"यंत्र बिघडलंय!" कोठावळे ओरडले. "गेल्या वर्षी एकोणतीस होता!"

तलाठ्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात सळई खुपसली. चौऱ्याहत्तर.

"साहेब, तुम्हीच बोलावलं की आम्हाला," म्हाळू धनगर पुढे झाला. "रान उजाड दिसावं म्हणून कुसळी चारून टाक म्हणालात. दोनशे मेंढरं महिनाभर इथंच बसवली. खतासाठी लोक आम्हाला धान्य देऊन बोलावतात, तुम्हाला फुकटात पडलं."

सगळं गाव खदाखदा हसलं. वत्सलाबाईंनी गावच्या नकाशावर त्या रानावर हिरवा शिक्का मारला. कायमची शेती.

"वाफसा छान आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "पेरून घ्या. बियाणं आम्ही देतो."