वरच्या रांगेतले काका

"आधी लिफ्ट, मग कॅमेरे, मग जिवंत माणसांचे फोन. वारलेले सभासद शेवटच्या रांगेत. सभेतच ठरलंय ना, काकू?" कुणाचा डेटा आधी सोडायचा ते ठरवणारा इमारतीचा नेटवर्क स्विच सांभाळणारा निरंजन म्हणाला.

"पण संध्याकाळी सगळे सिनेमे लावतात आणि पडद्यावरचे आमचे हे गप्प होतात. काल 'कुंदा, तू' म्हणाले, आणि पुढचे शब्द आले माझं जेवण झाल्यावर."

"काय होते पुढचे शब्द?"

"'जेवलीस का?'"

निरंजनला हसू आलं. त्याने काकांना गुपचूप वरच्या रांगेत टाकलं.

घरी येऊन कुंदाकाकूंनी भिंतीवरच्या पडद्याला विचारलं, "भाजी कुठली करू?" प्रश्न पुरता संपायच्या आत काका म्हणाले, "तोंडली." मग जे विचारावं त्याचं उत्तर तयार.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा स्विचपाशी. "त्यांना परत खाली टाक."

"का? अजून अडकतात?"

"नाही रे. भाजीचं विचारलं तरी हा माणूस आधी चष्मा पुसायचा. काल बोलत होतं ते कुणी दुसरंच होतं."

निरंजनने काकांना खाली टाकलं.

त्या संध्याकाळी काकूंनी पुन्हा भाजीचं विचारलं. पडदा गप्प होता. उत्तराची वाट बघत त्यांनी तोंडली चिरायला घेतली.