रेघ मधोमध

"मधोमधच आहे ना?" मिस्त्रींनी विचारलं आणि इंजिनावरून मान बाजूला घेतली.

मुलीने बल्ब जवळ धरला. शर्यतीवाल्या गिऱ्हाइकाने हौसेने बाहेरून व्हॉल्व्ह दाबून उघडणारे नवे रॉकर मागवले होते. मूळच्या रॉकरपेक्षा त्यांची ठेवण वेगळी, त्यामुळे खालून त्यांना ढकलणारे पुशरॉड जुन्याच लांबीचे चालणार नव्हते. नवी लांबी मोजायला मिस्त्रींकडे एक आट्यांचा रॉड होता, फिरवला की लांब-आखूड होणारा. तो बसवायचा, व्हॉल्व्हच्या टोकाला तेलकट निळा रंग फासायचा आणि इंजिन हाताने फिरवायचं. टोकावरून रॉकर जिथून जातो तिथला रंग पुसून चकचकीत रेघ उमटते. ती बारीक आणि मधोमध आली की लांबी जमली. कडेला गेली तर रॉकर व्हॉल्व्हला सरळ न दाबता आडवा रेटतो, आणि एखाद्या दिवशी ऐन वेगात व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो. गाडी चालवणाऱ्याचं पुढे काय होतं, ते त्याच्या नशिबावर.

रेघ कडेला होती. थोडीथोडकी नाही, पार बाहेरच्या काठाला.

"हो बाबा, मधोमध," मुलगी म्हणाली.

एकदाच तिने खरं सांगितलं होतं, रेघ कडेला आहे म्हणून. तेव्हा मिस्त्री स्वतः वाकून बघत राहिले होते, बल्ब इतका जवळ घेऊन की भुवईचे केस जळाले. मग हातातला पाना खाली ठेवून शेडच्या पायरीवर जाऊन बसले, ते अंधार पडेपर्यंत. जेवायलाही उठले नाहीत. त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. बाबा सकाळी माप घ्यायचे, ती हो म्हणायची. दुपारी ते मागच्या खोलीत आडवे झाले की ती रॉड पुन्हा बसवायची, रेघ मध्यावर आणायची आणि त्या लांबीचे पुशरॉड मागवायची. इंजिनं झकास चालत. मिस्त्रींच्या हातात अजून जादू आहे, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि बाबा लाजल्यासारखे हसत. तेवढ्या हसण्यासाठी तिने याहून मोठं खोटंही पचवलं असतं.

"नीट बघ," मिस्त्री म्हणाले.

"बघितलं."

"बल्ब जवळ घे."

"घेतलाय बाबा. अगदी मधोमध. केसाएवढी बारीक."

मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसलं. मग ते फडकं घडी घालून खिशात ठेवलं.

"रॉड तीन आटे लांब ठेवलाय मी. मुद्दाम."

तिने बल्ब मागे घेतला.

"डोळे गेलेत, बोटं अजून आहेत. आटे बोटांनी मोजता येतात. रेघ बाहेरच्या काठाला असणार. असायलाच हवी."

"बाबा, तसं नाही..."

"दुपारी मी झोपत नाही. नुसता पडून असतो. पान्याचा आवाज येतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "किती इंजिनं केलीस अशी?"

तिने बल्ब दुसऱ्या हातात घेतला.

"म्हणजे एकही माझं नाही."

"सगळं तुम्हीच तर शिकवलंय. मग तुमचीच की."

"मी शिकवलं ते रेघ जिथे असेल तिथे सांगायला. कडेला असेल तर कडेला. हे असलं लाडीगोडीचं काम मी कुणाला शिकवलं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसणार नव्हतं, म्हणून तिने पुसलंही नाही.

"आता बरोबर कर," मिस्त्री म्हणाले. "माझ्यासमोर."

तिने रॉड काढला, आटे कमी केले, परत बसवला. टोकाला नव्याने निळा रंग लावला आणि इंजिन फिरवलं. रेघ उमटली. अजून थोडी आत हवी होती. तिने पुन्हा रॉड काढला, पुन्हा रंग लावला. मिस्त्री कान देऊन प्रत्येक खटका ऐकत होते. शेवटी तिने बल्ब खाली आणला आणि तिचा श्वास मोकळा झाला. इतकी नेटकी रेघ तिलाही आजवर जमली नव्हती.

"सांग."

"मधोमध."

मिस्त्रींनी मान दुसरीकडे वळवली.

"खरंच मधोमध आहे, बाबा. आईची शपथ."

"मघाशीही असंच म्हणालीस," मिस्त्री म्हणाले. "अगदी याच आवाजात."

बाहेरच्या कुणाला बोलावून दाखवावं, तर त्याला बाबांचं सगळं सांगावं लागणार. तिने त्यांचा हात धरला, इंजिनावर नेला आणि त्यांचं बोट व्हॉल्व्हच्या टोकावर ठेवलं.

"हात लावून बघा. तुम्हीच बघा."

पोलादावरचा ओरखडा कुणाला दिसायच्या आधी त्या बोटाला लागायचा. मिस्त्रींनी ते हलकेच एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेलं. मग उलटं. मग जरा दाबून. भुवया आक्रसून ते चाचपत राहिले.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

बोट निळं झालं होतं, आणि टोकावर आता कुठेच रेघ नव्हती.