दहापैकी दहा

आयुष्यात कशाकशाबद्दल दहापैकी किती समाधानी आहात, हे नदीन एका सर्वेक्षणासाठी शेडियाक या किनाऱ्यावरच्या गावातल्या लोकांना फोन करून विचारायची आणि उत्तरं कागदावर लिहून घ्यायची. सत्तरीतल्या ओनेझिम तेरियोंनी तब्येतीला तीन दिले, समुद्रातली शेवंडं पकडायच्या धंद्याला दोन, घराला चार.

"आणि घरातल्या माणसांना?"

"तो प्रश्न आत्ता नको गं पोरी," म्हातारा एकदम कुजबुजला.

"बरं. मग एकूण आयुष्याला किती?"

"दहा!"

तिच्या वरिष्ठ बाईंनी कागद परत केला. "तीन, दोन, चार आणि एकदम दहा? तू ऐकण्यात चुकलीस. पुन्हा विचार, नाहीतर हा कागद रद्द."

नदीनला वाईट वाटलं. ते 'दहा' तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि इतक्या खुशीतलं दहा महिन्याभरात कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन लावला. तो एका बाईने उचलला.

"तो धक्क्यावर गेलाय. शीळ घालत गेलाय, काय झालंय त्याला कोण जाणे! काय काम होतं?"

"घरात कोण कोण असतं, ते लिहायचं होतं. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मी ल्युसील. बारा वर्षांपूर्वी घटस्फोट घेतला याच्यापासून. रविवारी आलेय, चार दिवसांसाठी."

"मग नात्याच्या रकान्यात 'घटस्फोटित बायको' लिहू ना?"




"लिही," ल्युसील म्हणाली, "पण पेन्सिलीने लिही."