पैकीच्या पैकी

अमेरिकेत नर्सना मागणी आली, तसे फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहराच्या नर्सिंग कॉलेजात कोण कोण येऊन बसले: शाळामास्तर, बँकेतला कारकून, दोन लेकरांची आई. त्यात नोर्बेर्तो सगळ्यांत थोरले, बावन्न वर्षांचे. "आजोबा, तिकडे पोचेपर्यंत तुम्हालाच नर्स लागेल," असं पोरी म्हणायच्या. ते हसून सोडून द्यायचे.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्यांच्या वाट्याला नांग क्लारिता, म्हणजे क्लारिताताई, आली. समोरच्या बेटावरून बोटीनं आलेली म्हातारी, पाय सुजलेले, धाप लागलेली. नोर्बेर्तोंनी नाडी बघायला तिचा हात धरला तो बराच वेळ सोडलाच नाही.

"ठोके चुकताहेत. हिच्या हृदयाला..." ते बोलू लागले.

"रोग ओळखणं नर्सचं काम नाही," परीक्षा घेणाऱ्या पंचविशीतल्या मॅडमनी त्यांना अडवलं. "ठोके चुकताहेत एवढं कळलं. आता नर्स म्हणून तुम्ही काय कराल?"

नोर्बेर्तोंनी म्हातारीचा हात अलगद खाली ठेवला.

"डॉक्टरांना कळवीन."

"बरोबर." मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क लिहिले आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

म्हातारी मघापासून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"मीही आधी डॉक्टरांनाच कळवायला गेले होते," ती म्हणाली. "बेटावरच्या तुमच्या दवाखान्याला कुलूप होतं."