बंद करू नये

नारळ फोडायचा मान जयमालाताईंनी रणजीतला दिला, तेव्हा त्याची गाडी टीव्हीवर घसरलेली होती.

"टीव्हीवरचे टेक कार्यक्रम म्हणजे मुलगी बघायचे कार्यक्रम हो," तो सांगत होता. "दहा मिनिटं नुसतं खोकं उघडतात. फोन दिसतो कसा, चमकतो कसा. नांदायला कसा आहे, ते एक जण सांगेल तर शपथ!"

खंडेनवमीची सकाळ होती. कुरुळीच्या त्या लहानशा वर्कशॉपमधली सगळी मशीन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून तयार होती. चौदा कामगार हात जोडून उभे होते आणि रणजीतचं तोंड चालूच होतं. वर्कशॉपचे कॉम्प्युटर तो सांभाळायचा, आणि कॉम्प्युटरमधल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्याच्याकडे मत तयार असायचं. नवीन सॉफ्टवेअर म्हणजे न बोलावता येणारा पाहुणा, दर आठवड्याला अपडेटची पिशवी घेऊन दारात हजर. रंगीत दिव्यांची कॅबिनेट म्हणजे लग्नाची वरात. आणि कॉम्प्युटर कधी बंद करायचा नसतो, बंद-चालू करण्यानंच तो मरतो, हे त्याचं सगळ्यात लाडकं मत. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यानं तसा कागदच चिकटवला होता : बंद करू नये. घरचा त्याचा स्वतःचा तर चारशे दिवस सलग चालू होता. नवीन माणसाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं.

कोपऱ्यातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये वर्कशॉपचे अकरा वर्षांचे प्रोग्राम होते. कुठला पार्ट कसा कापायचा, ते मशीनना तिथूनच कळायचं.

"आधी नारळ फोड, मग बोल," जयमालाताई म्हणाल्या. वर्कशॉप त्यांचं होतं.

त्यानं लोखंडी ठोकळ्यावर नारळ आपटला. एका घावात दोन भकलं झाली, एकात पाणी राहिलं. रीतीप्रमाणे प्रत्येक मशीनवर थेंब थेंब शिंपडत तो कोपऱ्यात पोचला. पण मतं संपली नव्हती. "आणि ते निवेदक! हाताला धूळ लागलेला एक तरी बघितलाय का..." असं म्हणत त्यानं हात उडवला. हाताबरोबर भकल उडालं आणि त्यातलं सगळं पाणी कॅबिनेटच्या वरच्या जाळीतून सरळ आत गेलं.

रणजीत गप्प झाला. वर्कशॉपमध्ये हे पहिल्यांदाच घडत होतं.

"चालू आहे तो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

जयमालाताईंनी आरतीचं ताट खाली ठेवलं. "प्रोग्राम दुसरीकडे पण ठेवलेत ना? तू म्हणाला होतास मला."

बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, असं त्यानं वॉचमनपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. फोटोंचा घ्या, नंबरांचा घ्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत.

"नाही ठेवले, ताई," तो म्हणाला. "ह्या रविवारी, त्या रविवारी करत राहूनच गेलं. खोटं बोललो तुमच्याशी." दसऱ्यानंतरच्या ऑर्डरचं काय होणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

मागून कोणीतरी घसा खाकरला. भैरूतात्या होते, लेथवरचे, वर्कशॉपमधले सगळ्यात जुने. हात पाठीमागे घेऊन ते पुढे आले.

"रणजीतराव, रागवू नका. म्या सकाळीच त्याची पिन काढलीया."

"काय?"

"तुमचा कागद वाचला व्हता. पर आज खंडेनवमी. लेथला इसावा, ड्रिलला इसावा, आन् ह्यानं एकट्यानं काय पाप केलंय? वरीसभर बिचारा घुंईघुंई करतुया." तात्यांनी हात पुढे केले. हातात नीट गुंडाळलेली वायर होती, तिलाही हळदकुंकू लावलेलं. "नुसती उपटली न्हाई हां. आफिसातल्या स्वप्नालीला इचारून आधी पडद्यावर बंद केला."

रणजीतनं वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग तो तिथंच खाली बसला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कॅबिनेट उघडलं. वरच्या पट्टीवर पाणी, बोर्डावर पाणी. खाली, तळाशी, सगळे प्रोग्राम पोटात घेऊन बसलेली हार्ड डिस्क कोरडी ठणठणीत. तिच्यावर एक थेंबही नव्हता.

"वीज असती ना, तर आत्ता जळका वास आला असता," तो म्हणाला. त्यानं सणाच्या नव्या शर्टाच्या बाहीनंच बोर्ड टिपायला घेतला.

"लावून बघू का?" कोणीतरी विचारलं.

"आज न्हाई. उद्या," भैरूतात्या म्हणाले.

"उद्याच," रणजीत म्हणाला. "वाळू दे चांगला." तात्यांचं आणि त्याचं मत इतक्या वर्षांत पहिल्यांदा जुळलं होतं.

"उद्या आधी बॅकअप," जयमालाताई म्हणाल्या, "मग सोनं वाटायचं." त्यांनी ताट पुन्हा हातात घेतलं.

रणजीत उठला आणि तात्यांच्या पायाशी वाकला. "तात्या, तुमचे फार उपकार झाले. वाचवलंत मला."

"माझ्या कशापायी पडताय? त्याच्या पडा," तात्या संकोचून म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

रणजीतनं खरंच उघड्या कॅबिनेटला हात जोडले. कोणी हसलं नाही. मग 'बंद करू नये'चा कागद काढून त्यानं घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी बायकोला फोन लावला.

"तनुजा, माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर नीट बंद कर आणि पिन काढून ठेव. हळदकुंकू लाव. पाणी मात्र शिंपडू नको."

"अरे, पण तुझे ते चारशे दिवस?"

रणजीतनं एकदा कोपऱ्याकडे पाहिलं.

"तेच तर," तो म्हणाला. "दमला असेल गं तो."