थांब्यावरची म्हातारी

"परत तेच! आत्ता नव्हती, आता उगवली!" झेनोनने खेळातलं स्टिअरिंग सोडून कपाळाला हात लावला.

कालिना स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तोवर पडद्यावरची बस फूटपाथवर चढून थांबली होती. पुढच्या चाकापाशी जाळीची पिशवी घेतलेली एक म्हातारी तिरकी अडकली होती.

"बाबा, काल ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला ना मी?"

"टाकलास की. बिघाड झाला की पहिला ड्रायव्हरच बदलतात. रीतच आहे जगाची."

तो स्वतःच हसला. कालिनाला हसू आलं नाही.

झेनोनचा उभा जन्म सात नंबरच्या बसवर गेला होता. ऑक्टोबरात साखर कारखान्याच्या थांब्यावर गावातली म्हातारी लुत्सिनाबाई त्याच्या चाकाखाली आली आणि जागच्या जागी गेली. तेव्हापासून तो घरी बसून होता. उद्या चौकशी होती. तिथे त्याचं म्हणणं पटलं, तर सोमवारी परत बसवर. नाही पटलं, तर नोकरी जाणार आणि पुढे कोर्टकचेरी.

"ती एकाएकी समोर आली," एवढंच तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. बसमधला कॅमेरा बंद पडलेला. साक्षीला एकटी बोझेना, थांब्यासमोरची टपरीवाली. तिचंही एकच पालुपद होतं. "ती तिथंच उभी होती. हलली पण नाही."

दारूची तपासणी झाली, काही निघालं नाही. मग लोक म्हणू लागले, मोबाइल बघत असणार. सर्व संतांच्या दिवशी, गेलेल्यांसाठी दिवे लावतात तेव्हा, थांब्यापाशी काचेचे दिवे लागले. झेनोनही एक दिवा ठेवायला गेला, आणि वळताना उजव्या पायाने दोन दिवे उडाले. झालं! बाईला मारलं ते मारलं, वर तिचे दिवेही लाथाडतो, असं बोझेनाने गावभर केलं. कालिना भर बाजारात तिच्या अंगावर धावून गेली. "खोटारडे, तू मेलीस ना, तर तुझ्या थडग्यावर काडीसुद्धा पेटवणार नाही मी!" म्हणाली. लहानपणी याच बोझेनाने तिला फुकट गोळ्या दिल्या होत्या, पण आता तोंड बघायची इच्छा नव्हती.

बापाचा जीव रमावा म्हणून तिने हा गेम आणला. गावातल्याच मिरेकने त्याला मॉड केलं होतं, म्हणजे मूळच्या गेममध्ये स्वतःची भर घालून हे अख्खं गाव त्यात बसवलं होतं. कारखाना, चर्च, टपरी, रस्त्याच्या उजव्या बाजूचे थांबे, सात नंबरची बससुद्धा. पहिल्या दिवशी झेनोन रडलाच. आणि दुसऱ्या दिवसापासून हा बिघाड. थांब्यावरची माणसं म्हणे एकदम उगवतात.

कालिनाने काय काय करून पाहिलं. सावल्या कमी केल्या, लांबचं दिसायची मर्यादा वाढवली. पावसाचं मॉड काढलं, झाडांचं काढलं, सगळं पुसून पुन्हा भरलं. ती स्वतः चालवायला बसली की एकदाही काही व्हायचं नाही.

"तुला घाबरतो हा गेम," झेनोन म्हणायचा. "माझंच नशीब फुटकं."

शेवटी मिरेक वैतागला. "अहो ताई, माझी आई चालवते, तिला सगळे नीट दिसतात. नुसत्या सांगण्यावरून मी काय ज्योतिषी आहे? रेकॉर्डिंग काढा. म्हातारी उगवते त्याच्या अगदी आधीचं चित्र मला पाठवा. मग बघतो कुठे चुकतंय ते."

म्हणून आज रेकॉर्डिंग चालू होतं.

"आधी जेवून घ्या, मग बघते मी," कालिना म्हणाली. तिने बटाट्याचं सारण भरलेली पिएरोगी केली होती, उकडलेल्या करंज्यांसारखी, वर तळलेला कांदा. झेनोन जेवला आणि उठला. ताटली निम्मी साफ, निम्मी भरलेलीच.

"संपवा की."

"संपवली की!"

हल्ली रोज असंच चाललं होतं. दुःखाने त्याची भूक मेली होती, आणि वर तो कबूलही करत नव्हता.

दारात तो थांबला. "सगळं गाव मला लबाड म्हणतंय. तू तरी मानतेस ना गं माझं?"

"बाबा, तुम्ही खोटं बोललेलं मला जन्मात आठवत नाही."

"मग झालं तर. उद्या त्या साहेबांना हेच दाखव. म्हणावं, संगणकातसुद्धा माणसं अशी एकदम उगवतात. मग रस्त्यावर तर काय!" आणि सोमवारचे बूट घासायला तो आत गेला.

कालिनाने रेकॉर्डिंग लावलं. शेवटापासून एकेक चित्र मागे नेत गेली.

बस चढते, म्हातारी चाकापाशी. त्याच्या आधीच्या चित्रात, म्हातारी उभी. आणखी मागे, उभी. ती नाही असं एकच चित्र हवं होतं मिरेकला. कालिनाने औषधाच्या दुकानापर्यंत मागे नेलं, मग पार चर्चच्या वळणापर्यंत. तिथून म्हातारी अंगठ्याएवढी दिसत होती. पडद्याच्या उजव्या कडेला, जाळीची पिशवी घेऊन, बसकडे तोंड करून.

तिने पुन्हा लावून पाहिलं. मग तिची नजर टेबलावरच्या ताटलीकडे गेली. डावा अर्धा भाग चाटूनपुसून पांढरा. उजवीकडची पिएरोगी रांगेत जशीच्या तशी, एकीलाही काटा लागलेला नाही. थांब्यापाशी उडाले ते दिवेही त्याच्या उजव्याच बाजूचे होते.

"काय गं?" आतून बूट घासता घासता झेनोनने विचारलं. "सापडलं का? कुठनं उगवते म्हातारी?"

कालिनाने रेकॉर्डिंग बंद केलं.

"बाबा," ती म्हणाली, "ती तिथंच उभी होती. हलली पण नाही."